दापोली कॅम्पातलं पडकं चर्च, पणजोबांचा दाखला आणि 'एस.पी.जी.' म्हणजे नक्की काय?

हर्णैची_लेक

नमस्कार मंडळी. मे महिन्यात गावच्या घराची कौलं उतरवून पत्रे घालायचे होते म्हणून माळ्यावरचं सगळं खाली काढलं, त्यात आईच्या आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. बरंचसं वाळवीने खाल्लेलं, दोन पंचांग, एक अडकित्ता, कसल्यातरी पावत्या, आणि एकच कागद धड राहिलाय तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. वर छापलंय एस.पी.जी. मिशन हायस्कूल, दापोली. साल असलेला कोपरा नेमका वाळवीला आवडला.

आता आम्ही भंडारी, घरात ख्रिस्ती कोणी नाही, कधी नव्हतं. पण आजी सांगायची की तिच्या वडलांना ख्रिस्ती प्रार्थना मराठीतून तोंडपाठ होती आणि संध्याकाळी देवाला दिवा लावून शुभंकरोति झालं की कधीकधी मूड असला तर तीपण म्हणून टाकायचे, मग पणजी आतून भांडी आपटायची.

तर एस.पी.जी. म्हणजे काय हे आधी सांगा. आणि दुसरं, कॅम्पात ते झाडीत बुडालेलं पडकं चर्च आहे ना, लहानपणी तिकडे जाऊ नका भुतं आहेत असं सांगायचे, ते आणि ही शाळा एकाच लोकांची का? मामा छातीठोक सांगतात की चर्च पोर्तुगीजांचं. मला प्रश्न पडलाय की आपल्याकडे एवढे ख्रिस्ती होते कुठे, चर्चला जायचं कोण, आणि होते तर मग गेले कुठे सगळे? सिंधुदुर्गात सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे आहेत ते माहितीये, पण दापोलीत?

कापवाला

ताई, मामांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की पोर्तुगीज दापोलीत राज्य करायला कधी आलेच नाहीत. त्यांचं चौल, रेवदंडा, कोर्लई त्या बाजूला. कोर्लईत आजही जुनी माणसं पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, ऐकलीय का कधी, ऐका जाऊन. कोकणात दगडी पडकं आणि वर क्रूस असं काही दिसलं की आपण सरसकट पोर्तुगीज म्हणून मोकळे होतो.

आपलं दापोलीचं चर्च इंग्रजांचं, त्यातही लष्करी. १८१८ ला पेशवाई बुडाली, दक्षिण कोकण कंपनी सरकारकडे आलं आणि इथं लष्कराचा तळ पडला. हवा थंड, समुद्र हाकेवर पण खारा वारा थेट अंगावर नाही, आणि परेडला मोकळं पठार. त्यांचा कॅम्प आणि आपल्या लोकांच्या तोंडी काप, काप दापोली. माझी आजी मरेपर्यंत कापात जातेय असंच म्हणायची.

तळ म्हटला की बाजार, दवाखाना, दफनभूमी आणि चर्च हे आलंच. तिथं कंपनीचा पगारी पाद्री असायचा, चॅप्लिन म्हणायचे त्याला. त्याचं काम म्हणजे साहेबांची रविवारची उपासना, पोरांचे बाप्तिस्मे, लग्नं, आणि आपल्या पावसात तापाने माणसं पटापट जायची तेव्हा दफनं. गावातल्या माणसांना ख्रिस्ती करा हे त्याच्या कामात धरलेलंच नव्हतं. उलट १८१३ चा कायदा होईपर्यंत कंपनीच मिशनऱ्यांना आपल्या मुलखात पाय ठेवू देत नव्हती, लोक बिथरतील आणि धंदा बसेल म्हणून. म्हणजे बघा, ते चर्च हर्णै-दापोलीच्या माणसासाठी बांधलेलंच नव्हतं. पुढे गोरी पलटण गेली, पेन्शनर शिपाई राहिले, ते सगळे आपलेच. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाल्यावर काही काळ इथंच येऊन राहिले होते ना. पेन्शनर काही त्या चर्चला जाणारे नव्हते. मग घंटा वाजवायची कोणासाठी?

शाळेची गोष्ट निराळी आणि बरीच नंतरची. एस.पी.जी. म्हणजे सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल, १७०१ साली लंडनात निघालेली संस्था, अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडवाली. तिचे इथले मिशनरी आल्फ्रेड गॅडने. आता डोक्यात प्रकाश पडला? तीच शाळा म्हणजे आजची ए. जी. हायस्कूल! एजीत शिकलेल्या निम्म्या पोरांना ए म्हणजे काय आणि जी म्हणजे काय ते माहीत नसतं, मला स्वतःला दहावी झाल्यावर कळलं. भारतरत्न पां. वा. काणे याच मिशन शाळेतले, साने गुरुजी पालगडहून इथंच शिकायला आलेले. तुमचे पणजोबा भारी कंपनीत होते म्हणायचे.

बाणकोटकर

छान माहिती. पण एक दुरुस्ती सुचवतो, ते चर्च स्कॉटिश मिशनऱ्यांचं असू शकतं. आमच्या बाणकोटला १८२३ मध्येच स्कॉटिश मिशनरी येऊन बसले होते, दापोलीच्या शाळेच्या किती आधी. त्यातले डोनाल्ड मिचेल तर त्याच वर्षी वारले. नंतर हर्णैलाही ठाणं केलं. आणि मुंबईचे विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन १८२९ ला आले ते आधी मराठी शिकायला इकडे बाणकोट-हर्णैलाच येऊन राहिले. म्हणजे एवढा मोठा माणूस मराठी शिकला ती आपली कोकणातली मराठी, सदाशिव पेठेतली नव्हे, हे पुणेकरांना कोणीतरी सांगा.

पोफळी

थोडक्यात काय तर धर्मांतराचे कारखाने. शाळा हे निमित्त. यात कौतुक करण्यासारखं काय आहे ते समजलं नाही.

कापवाला

@पोफळी कारखाना असेल तर फारच तोट्यात चालला म्हणायचा. इथून काणे बाहेर पडले ते धर्मशास्त्राचा इतिहास लिहायला. गुरुजी बाहेर पडले आणि पुढे पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले. आणि ताईंचे पणजोबा भंडारी म्हणून आत गेले भंडारी म्हणून बाहेर आले, फक्त एक प्रार्थना जास्तीची घेऊन. मिशनचा हेतू धर्मप्रसार होता हे त्यांनी कधी लपवलं नाही, संस्थेच्या नावातच आहे. पण लोकांनी त्यातलं आपल्याला हवं ते घेतलं, बाकी तिथंच ठेवलं.

आणि कोणी ख्रिस्ती झालंच तर ते शाळेच्या बाकावर बसून झालं असं तरी कुठंय. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या दापोली तालुक्यातले, करजगावचे, १८६१ चा जन्म. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ ला मुंबईत झाला आणि तोही अमेरिकन मिशनकडे. दापोलीच्या मिशनचा काडीचा संबंध नाही.

बाकी चहाची गोष्ट आठवते का? पुण्यात पंचहौद मिशनमध्ये १८९० ला लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली, तिथं पुढे चहा-बिस्किटं आली, कोणी प्यायले कोणी नुसता कप हातात धरला, आणि मग नावं छापून आली आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. ते पंचहौद म्हणजे अँग्लिकनच बरं का. एका कपाने धर्म बुडतो असं वाटायचे ते दिवस, त्या दिवसांत आपल्याकडच्या आईबापांनी पोरांना मिशन शाळेत घातलं, इंग्रजी यावं म्हणून. हिशेबी माणसं आपली.

जुना_ठाणेकर

@बाणकोटकर तुमचे स्कॉटिश खरे, साल पण बरोबर, पण ते वेगळ्या झाडाची फांदी. स्कॉटिश चर्च म्हणजे प्रेस्बिटेरियन, त्यांच्यात बिशप हा प्रकारच नसतो, वडीलमंडळ कारभार बघतं. अँग्लिकन म्हणजे बिशपवाले. आठव्या हेन्रीचं पोपशी बिनसलं आणि १५३४ ला इंग्लंडच्या राजाने स्वतःला तिथल्या चर्चचा प्रमुख ठरवून घेतलं, तिथून हे घराणं वेगळं झालं. पण बिशप, पाळकाचा झगा, वेदी, वेदीपुढे गुडघे टेकणं हे सगळं तसंच ठेवलं, आणि प्रार्थनेचं एक ठरलेलं पुस्तक केलं, १६६२ चं. त्याचं मराठी भाषांतर झालेलं आहे. म्हणून ताई, तुमच्या पणजोबांना प्रार्थना पाठ असण्यात नवल काहीच नाही. ठरलेल्या शब्दांतली प्रार्थना रोज तीच म्हणायची, आपल्या आरतीसारखी. शाळेत रोज सकाळी म्हटली की दहा वर्षात भिंतींनासुद्धा पाठ होईल.

मी वाढलो ठाण्यात. तिथलं सेंट जेम्स चर्च, जेलच्या जवळ आहे ते, तेही असंच साहेबलोकांसाठी सुरू झालेलं. त्याची प्रतिष्ठापना केली कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी, १८२५ ला. कलकत्त्याचे का, तर तेव्हा आख्ख्या हिंदुस्थानला मिळून बिशप एकच, १८१४ पासून, आणि मुंबईला फक्त त्यांचा एक आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा अधिकारी. हेबर बिचारे दौरे करत करत पुढच्या वर्षी त्रिचनापल्लीत गेले. मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला १८३७ ला, थॉमस कार, आणि फोर्टातल्या सेंट थॉमसचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं. चर्चगेट स्टेशन ज्या चर्चच्या नावाचं तेच हे, १७१८ च्या नाताळात उघडलेलं. रोज लाखभर लोक चर्चगेट म्हणतात आणि चर्च कुठं विचारलं तर इकडेतिकडे बघतात.

पॅरिश हा शब्द वापरतात तो समजून घ्यायचा असेल तर आपला मौजा डोळ्यापुढे आणा. इंग्लंडात जमिनीचा प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या हद्दीत, त्या हद्दीत जन्मला मेला त्याची नोंद तिथल्या चर्चच्या वहीत, गरिबाला मदत तिथूनच. इथं आल्यावर ती हद्दच गायब झाली. एका चॅप्लिनकडे एक तळ आणि भोवतीचा सगळा मुलूख, घोड्यावरून फिरत बसायचं. हद्द नाही, शेजार नाही, रयत दुसऱ्या धर्माची. अशा चर्चमागे माणसं कुठून उभी राहणार. जिथं मागून मराठी मंडळी तयार झाली ती चर्चं टिकली, कुलाब्याच्या अफगाण चर्चसारखी काही नुसत्या लष्कराच्या आठवणीवर टिकली (तिथं बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत, जरूर बघा), बाकीच्यांवर पिंपळ उगवला.

पडकं बघायला जाणार असाल तर एक सांगतो, मोबाईलवर होकायंत्र लावा. वेदी बहुतेक पूर्वेच्या टोकाला सापडते आणि मोठा दरवाजा पश्चिमेला. इंग्लंडचा रिवाज. आता पश्चिमेला दार म्हणजे कोकणात मृगाचा पाऊस थेट तोंडावर! आपला गवंडी असा दरवाजा कधी काढणार नाही.

हर्णैची_लेक

अहो किती छान, सगळ्यांचे आभार. @जुना_ठाणेकर पश्चिमेच्या दाराचं वाचून हसले, आमच्याकडे त्या बाजूला झापाचं कुड लावतात पावसाळ्यात. पण "मराठी मंडळी तयार झाली" म्हणता म्हणजे नक्की काय? आपल्याकडे आहे का अशी कुठे? म्हणजे रविवारी काय करतात, सण काय, आम्हाला खरंच काही माहीत नाही, सिनेमात दाखवतात तेवढंच. भोचकपणा वाटला तर माफ करा.

घाटावरची_नर्स

भोचकपणा कसला. मी सांगते. माझं माहेर जालन्याचं, सासर नगर जिल्ह्यातलं, २००४ ला सरकारी नोकरीत नर्स म्हणून रायगडात आले ती इथंच रुळले. मंडळी म्हणजे एका चर्चचे सगळे लोक. गावाचं नाव नाही घेत, आमची मंडळी एवढीशी आहे की लगेच ओळखतील. बावीस घरं. त्यातली मूळची कोकणातली चारच, बाकी सगळे बदलीवर आलेले, एसटीत, झेडपीच्या शाळेत, दवाखान्यात, एक कुटुंब तर मासे निर्यात करणाऱ्या कंपनीमुळे आलं. म्हणून उन्हाळ्यात आमचं चर्च ओस पडतं, सगळे गावी, पाळकसाहेब आणि सहा म्हाताऱ्या. रविवारी शेजारी विचारतात आज नाष्टा लवकर का, तर नऊच्या उपासनेला पोचायचं असतं.

आधी हे सांगते की आता अँग्लिकन, स्कॉटिश असं कागदावर काही राहिलं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, सी.एन.आय. म्हणतो आम्ही. पण माणसं काय सहीने बदलतात होय! माझं माहेर स्कॉटिश मिशनवालं, सासर एसपीजीवालं. स्कॉटिशांकडे प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतात ते) बाकावर बसून घ्यायचं, भाकर फिरते, द्राक्षारसाचे छोटे छोटे पेले फिरतात. एसपीजीवाल्यांकडे पुढे कठड्याशी जाऊन गुडघे टेकायचे आणि पाळक एकाच प्याल्यातून देणार. लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाई माझ्या माहेरच्या चर्चला आल्या आणि बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "बसल्या जागी? काय गो, चहापाणी होतं का ते?" (वरचं चहाचं प्रकरण वाचून तेच आठवलं.) आईने महिनाभर लक्षात ठेवलं. आमच्या इथल्या मंडळीत दोन्हीकडचे आहेत, मग एका महिन्यात असं एका महिन्यात तसं करतो, पंचकमिटीत त्यावर दोन मीटिंगा झाल्या होत्या.

इमारत साधीच, जांभ्या चिऱ्याची, मंगलोरी कौलं. वर एक घंटा आहे, दोरी आतून ओढायची, आणि ती ओढायची म्हणजे ताकदीपेक्षा लय लागते, नवीन पोरगा ओढतो तेव्हा दोनदा वाजून एकदा मुकी जाते. घंटेवर सगळा बाजार वेळ लावतो म्हणे, निदान कोपऱ्यावरचा वडेवाला तरी लावतो, उपासना सुटायच्या घंटेला त्याचा दुसरा घाणा तेलात पडतो.

गाणी म्हणाल तर पेटी आणि तबला, ऑर्गन नाही. ना. वा. टिळकांचे अभंग आमच्याकडे दर रविवारी एक तरी. ते करजगावचे हे मला इथं वाचून कळलं, वीस वर्षं त्याच तालुक्याच्या शेजारी बसून गातेय! चालीही आपल्याच, ओवी, साकी, दिंडी. एकदा शेजारच्या वहिनी सहज येऊन बसल्या, म्हणाल्या मला वाटलं इंग्लिशमध्ये असेल, हे तर आमच्या हरिपाठासारखंच वाटतंय.

सणात मला सगळ्यात आवडतो तो हंगामाचा सण. इंग्लंडात हार्वेस्ट फेस्टिव्हल असतो त्याचंच हे, पण इथं भातकापणी झाली की नोव्हेंबरात. ज्याच्याकडे जे पिकतं ते आणून वेदीपुढे ठेवायचं, भाताची लोंबी, नारळ, सुपारी, कोहळा, वाल, केळीचा घड, कोणी सुकट आणतं मग आख्ख्या चर्चमध्ये वास. नोकरीवाल्यांकडे काय पिकणार, तर ते बरणीभर लोणचं नाहीतर पगारातलं पाकीट. उपासना झाली की अंगणात लिलाव. एक वर्षी एकाने जिवंत कोंबडा आणला, पाय बांधून वेदीच्या पायरीशी ठेवला आणि पाळकसाहेब उपदेशात रंगात आलेले असताना त्याने बांग दिली. एकदा नाही तीनदा! पेत्राची गोष्ट (कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणारा त्याचा शिष्य) माहीत असलेले सगळे तोंडाला रुमाल लावून बसले, पाळकसाहेब पण हसले आणि म्हणाले आता मी थांबतो, याला कळलंय. तो कोंबडा लिलावात बाराशेला गेला, घेणाऱ्याने परत मंडळीला दिला, परत लिलाव, परत सातशे. असंच चालतं, एकच नारळ चार वेळा विकतो आम्ही. वर्षाचं लाइट बिल आणि रंगकाम त्यातून निघतं. बोली लावायला बाजारातले वाणी आणि मोहल्ल्यातले दोघेतिघे दरवर्षी येतात, लिलावात त्यांच्याशिवाय रंग चढत नाही.

नाताळला फराळ दिवाळीचाच, करंज्या, चकल्या, लाडू, फक्त केक जास्तीचा. दारातली चांदणी पण दिवाळीच्या कंदिलाच्या सांगाड्यावर नवा कागद चिकटवून केलेली. आठवडाभर आधी रात्री घरोघर गाणी म्हणत फिरतो, बावीस घरं पण पसरलेली इतकी की रिक्षा-टेम्पो करून जावं लागतं, आणि प्रत्येक घरी काहीतरी खावंच लागतं, शेवटच्या घरी पोचेपर्यंत आवाज पण नसतो आणि पोटात जागा पण नसते.

अवघड कधी होतं सांगू, कोणी गेलं की. दफनभूमीत वीतभर माती आणि खाली सगळा जांभा. पहारीने फोडायला लागतो, चार माणसांना पाच तास. आणि जुलैत खणलं तर खड्डा पाण्याने भरतो, एकीकडून पंप लावून उपसायचं आणि दुसरीकडून शवपेटी येते. आमच्या मंडळीत तरणी माणसं किती, तर वाडीतली पोरं येतात मदतीला, कुणबी, आगरी, ती काय ख्रिस्ती नाहीत. गणपतीत आरास उभारायला आमची पोरं जातात. याला कोणी सलोखा-बिलोखा म्हणू नका, शेजार आहे, एवढंच.

निसर्ग वादळ झालं ना, ३ जून २०२०, तेव्हा आमची निम्मी कौलं उडाली. लॉकडाऊन, वीज नाही, फोन नाही. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आणि ह्यांनी जाऊन आधी काय वाचवलं असेल तर रजिस्टरं. बाप्तिस्मा, लग्न, दफन तीन वह्या, लोखंडी कपाटात होत्या तरी कडा भिजल्या होत्या. आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली (वीज आल्यावर, म्हणजे पंधरा दिवसांनी) एकेक पान मोकळं करून टाल्कम पावडर टाकून वाळवलं. अजून त्या वह्यांना पॉण्ड्सचा वास येतो. आणि कौलं? कौलं मिळेनातच, सगळ्या किनाऱ्याला एकदमच हवी होती. वर्षभर निळ्या ताडपत्रीखाली उपासना केली, ऊन पडलं की सगळ्यांचे चेहरे निळे.

बराच मोठा झाला, सॉरी, ड्युटीवरून आल्यावर लिहायला बसले आणि थांबताच येईना.

बाणकोटकर

कोंबडा 😄 @जुना_ठाणेकर मान्य, दुरुस्तीची दुरुस्ती मान्य. मंगलोरी कौलं पण मिशनवाल्यांचीच ना? मला वाटतं बासेल मिशन.

जुना_ठाणेकर

हो, बासेल मिशननेच १८६५ ला मंगळूरला कारखाना काढला. पण ते स्वित्झर्लंड-जर्मनीकडचे, परत तिसरंच घराणं, मी आता नवीन वंशावळ सुरू करत नाही.

@घाटावरची_नर्स ताई, रजिस्टरांचं फार मोठं काम केलंत तुम्ही. त्यावरून @हर्णैची_लेक तुमच्यासाठी. कंपनीच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या चॅप्लिनांनी आपल्या वह्यांच्या नकला करून लंडनला पाठवायच्या असा नियम होता, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, एन-३ नावाच्या मालिकेत, आणि त्यातल्या पुष्कळ ऑनलाइन पण आल्यात. तळावर कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण कशाने मेलं, वय किती, त्यात सापडतं. पडक्या चर्चमध्ये कोण बसायचं हे तुम्ही विचारलंत ना, त्याचं उत्तर तिथं नावानिशी मिळेल. पण पणजोबा त्यात सापडायचे नाहीत, त्यांचा बाप्तिस्माच झालेला नाही. त्यांना शोधायचं तर शाळेचं जनरल रजिस्टर. दाखल्यावर डाव्या कोपऱ्यात एक अनुक्रमांक असेल, तो वाळवीने ठेवलाय का बघा. त्या नंबरावरून नोंद निघते, जन्मतारीख, आधीची शाळा, शाळा का सोडली, सगळं.

पोफळी

मी वरती जरा तिरकसच लिहिलं होतं. कोंबड्याचा किस्सा आवडला. लिलाव कधी असतो यावर्षी?

घाटावरची_नर्स

@पोफळी भातं कापून झाली की. या, पण रिकाम्या हाताने सोडत नाही आम्ही कोणाला, निदान कोहळा तरी गळ्यात पडेल.

हर्णैची_लेक

नंबर आहे!! फिका आहे पण टॉर्च तिरका धरला की वाचता येतो. काल शाळेत फोन केला, क्लार्क म्हणाले जुनी रजिस्टरं वरच्या खोलीत आहेत, शोधावं लागेल, सोमवारी या पण दुपारी दोनच्या आत आणि मूळ दाखला घेऊन या, झेरॉक्स चालणार नाही. मामा पण येतो म्हणतायत. जाताना कापातून जाऊ, मोबाईलमध्ये होकायंत्र टाकून ठेवलंय. मामा अजून पोर्तुगीजच म्हणतायत.